हजार फूट अंतर असूनही टीकॅसचा आरए का येतो?

बिगरपंखी: एक विमान एफएल ३३० वर (म्हणजे साधारण ३३,००० फुटांवर) सरळ चाललंय, दुसरं खालून ३२० पर्यंत चढतंय. हजार फूट राहणारच, तरी आरए (वर जा किंवा खाली जा असा आदेश) वाजतो. टीकॅस, म्हणजे विमानांची टक्कर टाळणारं यंत्र, नेमकं मोजतं काय?

ट्रिमटॅब: सेकंद. आपलं यंत्र १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, समोरच्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर (आपोआप उत्तर देणारं रेडिओ यंत्र) १०९० वर उत्तर देतो. उत्तराला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, उंची उत्तरातच असते. मग हिशेब एकच: दोघं असेच चालत राहिले तर गाठ पडायला किती सेकंद? २०,००० फुटांच्या वर साधारण ४८ ला टीए (नुसता इशारा), ३५ ला आरए.

चढणारा मिनिटाला ३००० फुटांनी येतोय म्हणजे सेकंदाला ५०. तो १५०० फूट खाली असताना ३० सेकंदच उरतात. त्याने ऑटोपायलटला ३२० दिलंय, हे टीकॅसला कुठून कळणार? म्हणून शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या आत आणायचा. फुकटचे बरेच आरए या घाईतूनच येतात.

उजवावारा: भर घालतो. दिशा अँटेनावरून ढोबळच कळते, म्हणून आरए फक्त वर-खालीचा. पिवळा गोल आणि 'ट्रॅफिक, ट्रॅफिक', म्हणजे टीए, आलं की बाहेर शोधा. पडद्यावरचं चिन्ह बघून वळू नका. लाल चौकोनाला, म्हणजे आरएला, मात्र पाच सेकंदांत प्रतिसाद हवा, पाव जीएवढा (गुरुत्वाकर्षणाच्या चौथ्या भागाएवढा), हिसका नको. पूर्वी 'ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड' (चढण्या-उतरण्याचा वेग बदला) ऐकून काही वैमानिक उलट्या बाजूला गेले, म्हणून टीकॅसच्या ७.१ आवृत्तीत 'लेव्हल ऑफ' (सरळ पातळीत या) आलं.

बिगरपंखी: आणि एटीसी (जमिनीवरचा हवाई वाहतूक कंट्रोलर) उलटं सांगत असेल तर?

ट्रिमटॅब: आरएच पाळायचा, चर्चा नाही. एटीसीला 'टीकॅस आरए' एवढंच कळवा. दोन्ही टीकॅस आपसांत ठरवून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या उबरलिंगनवर एका तुपोलेव्ह विमानाला टीकॅस 'क्लाइंब' (वर चढा) सांगत होतं, पण वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकून विमान खाली नेलं. समोरचं बोइंग ७५७ स्वतःच्या आरएप्रमाणे उतरतच होतं. दोन्ही धडकली, ७१ जण गेले.

जुनाडीएमई: समोरच्याचा ट्रान्सपॉन्डरच बंद असेल तर हे सगळं आंधळं. २००६ मध्ये ब्राझीलवर गोल या विमान कंपनीच्या बोइंग ७३७ ला टकरीआधी इशारा आलाच नाही, तो यामुळे. उत्तरात उंची नसेल तर टीए येतो, आरए नाही. जमिनीपासून हजार फुटांखालीही आरए नाही. आणि धावपट्टीवर जाताना टीकॅसचा नॉब बघाच: 'टीए ओन्ली'वर राहिला तर चढाईत फक्त 'ट्रॅफिक' ऐकू येईल.