शाहूपुरी कोल्हापूरची की साताऱ्याची? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही शाहूपुरीत राहतो, स्टेशनपासून चालत. आईच्या गुडघ्याचा पट्टा ऑनलाइन मागवलेला, पत्त्यात कोल्हापूर, पिनकोड ४१६००१ सगळं बरोबर, तरी पार्सल गेलं साताऱ्याच्या शाहूपुरीला आणि ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय, कस्टमर केअरवाले म्हणतात आता आमच्या हातात काही नाही. आईला जिना उतरताना लई त्रास होतोय हो. साताऱ्याचे शाहू महाराज म्हणजे संभाजीराजांचे चिरंजीव, आपले राजर्षी शाहू १८७४ चे, दोघंही थोर, पण पार्सलवाल्यांनी पिनकोड तरी बघावा की! साताऱ्यातलं कोणी आहे का इथं? आणि तक्रार नेमकी कुठं करायची, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कोणाचं काम झालंय का?