मदत हवी आहे : एसबीआरमध्ये अ‍ॅलम घालूनही फॉस्फरस 1 मिग्रॅ/लि. च्या खाली येत नाही

नगरपालिकेचा 5 एमएलडीचा (दिवसाला 50 लाख लिटर) एसबीआर सांडपाणी प्लांट आहे, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने एरेशन (हवा देणं), निवळणं आणि पाणी काढणं. अ‍ॅलमशिवाय (तुरटीशिवाय) प्रक्रिया केलेल्या पाण्यात एकूण फॉस्फरस 3.2 मिग्रॅ/लि. राहतो. 10 टक्के द्रावणातून 60 मिग्रॅ/लि. अ‍ॅलम, म्हणजे दिवसाला 300 किलो घालतो. अ‍ॅल्युमिनियम-फॉस्फरस मोलर गुणोत्तर साधारण 2 पडतं. तरी डिकँटच्या (निवळल्यावर वरून काढलेल्या) पाण्यात फॉस्फरस 1.3 मिळतो.

गंमत अशी, की गाळलेल्या नमुन्यात ऑर्थोफॉस्फेट (विरघळलेला फॉस्फेट, फॉस्फरस म्हणून) फक्त 0.4 आहे. टीएसएस (तरंगते घन कण) 22 मिग्रॅ/लि. म्हणजे रसायन काम करतंय, पण बारीक फ्लॉक (रसायनाने बनलेले गाळाचे पुंजके) डिकँटरमधून निसटतोय. त्यामुळे ‘डोस वाढवा’ हा सल्ला कृपया नको. जार टेस्टमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत भांड्यात ढवळून घेतलेल्या चाचणीत (100 आरपीएमला 1 मिनिट, 30 ला 15 मिनिटं, अर्धा तास स्थिर) याच डोसला फॉस्फरस 0.7 येतो.

सध्या डोसिंग एरेशन संपायच्या 30 मिनिटं आधी, डिफ्यूझरच्या (तळाशी हवा सोडणाऱ्या भागाच्या) वर होतं. जोरदार हवेने फ्लॉक फुटत असावा. ते शेवटच्या 5-7 मिनिटांवर आणलं तर मिक्सिंग पुरेल का? आणि पॉलिमर (फ्लॉक एकत्र बांधणारं रसायन) घालायचं झालं तर किती? जास्त झालं तर डिफ्यूझर चोंदण्याची भीती आहे.

दुसरी अडचण अल्कलिनिटीची (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, मिग्रॅ/लि. कॅल्शियम कार्बोनेट म्हणून). 1 मिग्रॅ अ‍ॅलम साधारण 0.5 मिग्रॅ खातं, नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट होणं) दर मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे 7.1. शेवटी जेमतेम 40 उरते, पीएच 6.5. चुन्याने डोसिंग लाइन चोंदते. सोडा अ‍ॅश घ्यावा, की अ‍ॅलमऐवजी सरळ पीएसी (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड)? पीएसीवर चालवणाऱ्यांनी बेसिसिटी आणि डोस सांगावा.