दातांचा दवाखाना की आरोग्य संवर्धन? या कामात दिवसभर करतात तरी काय?

मिरजेची_दंतवैद्य

नमस्कार मंडळी. मी बीडीएस केलं, नंतर पुण्यातून एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. भंडारा जिल्ह्यात काम करणाऱ्या एका संस्थेने 'आरोग्य संवर्धन तज्ज्ञ' म्हणून बोलावलंय. विषय हत्तीरोगाची सामुदायिक औषधोपचार मोहीम, म्हणजे एमडीए; आजारी असो वा नसो, गावातल्या सगळ्यांनाच गोळ्या द्यायच्या. करार 11 महिन्यांचा, पगार 38 हजार.

घरी वातावरण तापलंय. बाबा म्हणतात, खुर्ची मी घेऊन देतो, मिरजेत दवाखाना टाक. काल जेवताना म्हणाले, "पत्रकं वाटायला पाच वर्षं दात शिकलीस का?" मला उत्तर देता आलं नाही. आरोग्य संवर्धनाचा 1986 चा ओटावा जाहीरनामा मी परीक्षेत दोनदा लिहिलाय, त्याची पाचही कलमं झोपेत म्हणून दाखवीन. पण या पदावरचा माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय करतो, हे मला खरंच माहीत नाही. हे काम करणारं इथे कुणी आहे का? आणि माझी कृष्णाकाठची भाषा तिकडे चालेल का?

धानपट्टा

मी आहे. नागपूरला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, केलं, बारा वर्षं याच पट्ट्यात याच कामात आहे.

बाबांचा प्रश्न चुकीचा नाही. माझं पहिलं वर्ष पत्रकं वाटण्यातच गेलं. पत्रकं, फ्लेक्स आणि कर्णा बांधलेला ऑटो. फ्लेक्सवर मी हत्तीपायाचा फोटो टाकला होता, गुडघ्याखाली ढोलकीएवढा सुजलेला. वाटलं, लोक घाबरतील आणि गोळ्या खातील. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात एक काका त्या फ्लेक्ससमोर उभे राहून स्वतःच्या पोटऱ्या चाचपून बघत होते. मला म्हणाले, "माहे पाय त बरे हायेत जी. मले कायले पायजे हे औषध?"

काका फ्लेक्स बरोबर वाचत होते. चूक फ्लेक्स काढणारीची होती. या रोगाचे जंतू रक्तात वर्षानुवर्षं राहतात आणि माणसाला काहीच होत नाही. सूज येते ती फार उशिरा. मधल्या काळात क्युलेक्स डास त्याच धडधाकट माणसाकडून जंतू उचलून शेजारच्याला देतो. म्हणून गोळ्या धडधाकटांसाठीच असतात. सुजलेला पाय त्या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. मी मात्र ज्याला गोळ्यांचा सर्वांत कमी उपयोग त्याचा पाय मोठा करून लावला होता, आणि ज्यांनी त्या खायच्या त्यांना 'हे तुमच्यासाठी नाही' असं रंगीत छापून सांगत होते. पुढच्या वर्षी फोटो काढला आणि धान रोवणाऱ्या साध्या बायका दाखवल्या. वरून विचारणा झाली, यात रोग कुठे दिसतोय?

दुसरी गोष्ट कोनाड्याची. तेव्हा गोळ्यांची फेरी ऑगस्टमध्ये आली. ऑगस्ट म्हणजे रोवण्याचे दिवस. अकरा वाजता आशाताई घरी गेली की घरात म्हातारी आणि कोंबड्या, बाकी सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. गोळ्या उपाशीपोटी द्यायच्या नसतात, आणि आपल्यासमोर गिळल्या तरच नोंद करायची असते. पण आशाताईला दिवसाची घरं संपवायची असतात. मग म्हातारीच्या हातात सगळ्यांच्या गोळ्या, "जेवल्यावर द्या", आणि नोंदवहीत बरोबरच्या खुणा. कागदावर गाव जवळजवळ पूर्ण झालं. आठवड्याने मी सहज एका घरी पाणी प्यायला थांबले, तर देवाच्या कोनाड्यात वर्तमानपत्राची पुडी, आत सात माणसांच्या गोळ्या. देवापुढे ठेवल्या होत्या, म्हणजे टाकून द्यायला जीव झाला नव्हता. पण खाल्ल्याही नव्हत्या.

त्या गावात त्यानंतर एकही पत्रक वाटलं नाही. वेळ बदलली. संध्याकाळी सात ते नऊ, लोक घरी आल्यावर, जेवणं झाल्यावर. सरपंचाने आपल्या ओट्यावर पहिल्या गोळ्या खाल्ल्या, आमच्या डॉक्टरांनीही. तुमच्या ओटावाच्या भाषेत याला बहुधा पोषक वातावरण निर्माण करणं म्हणत असतील. आमच्याकडे त्याला 'टाइम बदलला' म्हणतात.

तिसरी माझी सर्वांत मोठी चूक. आम्ही औषधाचा त्रास लपवायचो. "काही होत नाही, खा." एका शाळेत गोळ्या खाल्ल्यावर एका मुलीला गरगरलं, ती बाकावर आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या टोलीने, म्हणजे वस्तीने, दारं लावून घेतली. ज्यांच्या रक्तात जंतू असतात त्यांना ते मरताना ताप, डोकेदुखी, गरगरणं होऊ शकतं, बहुतेकदा एकदोन दिवसांत उतरतं. ते आता आधीच सांगते, आणि कुणाला फोन करायचा तेही. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, फार आजारी माणूस यांना का देत नाही तेही सांगते. एवढं सांगितल्यावर नकार वाढतील असं मला वाटलं होतं. उलट झालं.

सगळेच प्रयोग जमतात असं नाही. गावात रोग किती आहे ते तपासायला रात्रीचं रक्त घ्यावं लागतं, कारण जंतू रात्री वरच्या रक्तात येतात. साडेआठनंतर लोक दार उघडत नाहीत. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, हिवाळ्यात नाटकं रात्रभर चालतात, हे तुम्हाला मिरजेत खरं वाटणार नाही पण हजारो माणसं पहाटेपर्यंत बसतात. मी म्हटलं, मंडपाशेजारीच टेबल टाकू. आमचे फायलेरिया (हत्तीरोग) निरीक्षक माझ्यावर चिडले. मंडपात चार गावांचे पाहुणे येतात, ते रक्त कुठल्या गावाचं म्हणून मोजायचं? बरोबर होतं त्यांचं. मग पडदा उघडण्याआधी पाच मिनिटं मागून घेतली, उद्या रात्री आम्ही दारात येणार एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी गेलो. नटाने घोषणा केली म्हणून दारं उघडली. माझ्या कर्ण्याने कधी उघडली नव्हती.

दहा ते सहाचं विचाराल तर निम्मा वेळ एक्सेल, सूक्ष्म नियोजन, व्हीसी (व्हिडिओवरच्या बैठका) आणि मोबाइलच्या रेंजसाठी गच्चीवर चढणं. अहवालात 'किती ठिकाणी जनजागृती केली' असा रकाना असतो. 'कोण नको म्हणालं आणि का' असा नसतो. तो मी वहीत ठेवते. "उपास आहे." "सकाळीच प्यायलोय, दारूवर गोळी चालत नाही म्हणतात." "मागच्या साली दिल्या, आता परत कायले?" पुढच्या फेरीचं माझं सगळं काम त्या वहीतून निघतं.

भाषेची काळजी सोडा. लोक तुमच्या 'काय ओ' वर हसतील, तेवढ्यात ओळख होते.

सात_वाजता_स्वयंपाक

मी गट प्रवर्तक आहे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी; जिल्हा सांगत नाही. धानपट्टा ताईंचं लिखाण आवडलं, पण "वेळ बदलली" हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. बदलली कुणाची? सात ते नऊ आशाच्या घरी चूल पेटते. नवरा म्हणतो, रात्री कुठे फिरतेस. रस्त्यात दिवा नाही. तिला पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला, आणि तोही महिन्याच्या महिन्याला हातात पडेल असं नाही. तज्ज्ञ येतात, कल्पना देतात, जातात. एक जण लॅमिनेट केलेला मोठा चार्ट देऊन गेले, तो आमच्या उपकेंद्रात कपाटावर आहे, त्यावर पाल राहते.

डॉक्टर ताई, तुम्ही या. पण पहिल्या दिवशी आशांना शिकवू नका. एक दिवस एकीबरोबर चाला, सकाळपासून.

धानपट्टा

ताई, मान्य. हे मी गाळलं, गाळायला नको होतं. पहिल्या वर्षी आशांनी हेच ऐकवलं, एक तर रडली. नंतर संध्याकाळची फेरी फक्त तीन दिवसांची केली, प्रत्येकीबरोबर एक आरोग्य सेवक किंवा गावातला ओळखीचा मुलगा दिला, आणि त्या दिवसांत सकाळचं दुसरं काम लावायचं नाही असं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घेतलं. त्या लेखी कागदासाठी मी सहा चकरा मारल्या. मिरजेच्या डॉक्टर, दहा ते सहात काय करतात याचं हेही उत्तर लिहून ठेवा.

कराडचा_म्हातारा

मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालो. वेगळं सांगतो. तुम्ही दंतवैद्य आहात आणि कृष्णाकाठच्या आहात, तर हा विषय तुमच्या आजीच्या चुलीपाशी आहे. मिश्री. आपल्याकडे किती आयाबाया सकाळी तव्यावर तंबाखू भाजून, चुरून दाताला लावतात ते तुम्हाला मी सांगायला नको. भाजताना ठसका लागून पोरं बाहेर पळायची.

2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली. पाकिटावर मोठं चित्र सक्तीचं झालं. मिश्रीला यातलं काहीच लागत नाही. बाई बाजाराच्या दिवशी सुटी तंबाखू आणते, घरी भाजते. ना पाकीट, ना चित्र, ना टपरी. तिला ते व्यसन वाटतच नाही, ती दात घासते. "लावली नाही तर पोट साफ होत नाही" हे मी शेकडो वेळा ऐकलं. 2016-17 च्या गॅट्स, म्हणजे प्रौढांच्या तंबाखू वापराच्या, पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यात धुराविना तंबाखूचाच वाटा फार मोठा. कायद्याचं हत्यार जिथे पोचत नाही तिथे तुमच्यासारखी माणसं लागतात.

मी एकदा चूक केली. महिला मेळाव्यात तोंडाच्या कर्करोगाच्या स्लाइड दाखवल्या. बायकांनी पदर तोंडाला लावला आणि घरी जाऊन, टेन्शन आलं म्हणून, मिश्री लावली. एकीने मला स्वतः सांगितलं, हसत हसत. पुढच्या वेळी स्लाइड नेल्या नाहीत. एक दंतवैद्य मुलगी आणली, आरसा आणला, आणि तिने प्रत्येकीला तिचाच गाल आतून दाखवला. पांढरा चट्टा स्वतःच्या तोंडात दिसला की माणूस वेगळं ऐकतो. त्या मुलीने तिथे एकही दात काढला नाही. वडिलांना हे सांगा.

मिरजेची_दंतवैद्य

सगळ्यांचे आभार. काका, माझी आजी लावते. अजून. मी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिच्या गालात बघितलं होतं, ती म्हणाली, "बघ की, पण माझ्या तव्याला हात लावायचा नाही." तुमचा निरोप बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, खुर्चीचं कोटेशन मात्र अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

गट प्रवर्तक ताई, पहिला दिवस एका आशाताईबरोबर चालणार, नक्की.

धानपट्टा ताई, दोन प्रश्न. ज्यांचा पाय आधीच सुजलाय त्यांचं काय करता? आणि रुजू व्हायची तारीख ऑगस्टची आहे, राहायची सोय कशी असते?

धानपट्टा

सुजलेल्या पायाला रोज साबण-पाण्याने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, जखम दिसली की लगेच दवाखाना. त्याने वारंवार येणारा ताप आणि ठणका कमी होतो. हे दाखवायला जाल तेव्हा टब आणि पाणी ओतायचा मग, दोन्ही घेऊनच जा. एका आजीला मी अर्धा तास पाय कसा धुवायचा ते समजावलं, ती शांतपणे म्हणाली, "पाय कायच्यात ठेवू, बाई? घरात एकच घमेलं, त्यात ढोराले ढेप देतो." याच रोगाने होणारी पुरुषांची अंडवृद्धी तुम्हाला कुणी दाखवणार नाही, सांगणारही नाही. ते आरोग्य सेवकावर सोपवा, शस्त्रक्रियेने बरी होते एवढं त्याच्याकडून पोचू द्या. आणि गावात शिरलात की संडासांच्या व्हेंट पाइपांकडे, म्हणजे हवा जाणाऱ्या नळ्यांकडे, बघत जा. जाळी बांधलेली नसेल तर डासांचा कारखाना तिथेच आहे.

खोली लाखांदूरला मिळते, तालुक्याच्या गावी, आधी स्वयंपाकघराचं छत गळतं का ते बघा. ऑगस्टमध्ये येताय तर गमबूट आणा, इथे तुमच्या मापाचे मिळत नाहीत. आजीला विचारून आरसाही आणा, तो छोटा, तोंडात घालायचा.