गरीब माणूसच दर्या आणि जमीन संपवतो, हे आफ्रिकेत तरी खरं आहे का?

केरीचा_किनारा

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या पेडण्याहून लिहितोय. मागच्या ग्रामसभेत रात्री उजेड टाकून मासे ओढणाऱ्या एलईडी लाईटवाल्या बोटींचा विषय निघाला, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, काही लागत नाही, तारले बांगडे किनाऱ्याला येतच नाहीत वगैरे. तेव्हा एक शिकलेले गृहस्थ उठले नि म्हणाले की आफ्रिकेत बघा, लोकांनी स्वतःच तळी उपसून खाल्ली, झाडं तोडली, आता उपाशी बसलेत, गरिबी आली की माणूस निसर्ग खातोच, तुमचंही तेच चाललंय. मला उत्तर देता आलं नाही हो. माझे वडील जन्मभर रापणीची दोरी ओढत होते, ते ऐकून रात्रभर झोप नाही.

भाचा तारवटी आहे, जहाजावर काम करतो, त्याची बोट सेनेगलातल्या डाकारला लागली होती. तो फोनवर म्हणाला मामा, इथे पण तारल्यासारखं मासळं आहे आणि लोक म्हणतात की ते दळून भुकटी करून बाहेर पाठवतात. म्हणजे ते गृहस्थ बोलले तेवढंच नसावं असं वाटतं. कुणाला नीट माहिती असेल तर गावाच्या नावासकट, सालासकट सांगा. पुढची ग्रामसभा येत्या रविवारी आहे.

सुकती_भरती

भाचा बरोबर सांगतोय. सेनेगलात त्या माशाला याबॉय म्हणतात, आपल्या तारल्याच्याच जातकुळीतला, सार्डिनेला. स्वस्त मासळी, गरिबाच्या ताटातली. सेनेगल, गांबिया, मॉरिटानिया या पट्ट्यात फिशमीलचे, म्हणजे मासळीच्या भुकटीचे कारखाने उभे राहिले, मॉरिटानियात नुआदिबू बंदरात तर रांगच आहे. एक किलो भुकटीला चार-पाच किलो ताजं मासळं लागतं आणि ती भुकटी जाते परदेशातल्या मत्स्यशेतीला, म्हणजे तिथल्या माणसाच्या ताटातलं उचलून दुसऱ्या देशातल्या पाळीव माशाला घालायचं. सगळ्यात आधी मार बसला बायकांना. होडी किनाऱ्याला लागली की मासळी घेऊन धूर देऊन, सुकवून आतल्या गावांत विकणाऱ्या त्या बायका, कारखान्याचा माणूस रोख पैसे घेऊन आधीच उभा, मग त्यांच्या टोपलीत काय पडणार. आणि ज्या लाकडी होड्यांतून मासेमारी व्हायची त्याच होड्यांतून पोरं स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघाली, २००६ ला मोठी लाट आली, २०२० पासून परत. किती बुडाली त्याची मोजदाद नाही.

घानात वेगळा प्रकार, त्याला साईको म्हणतात. मोठे ट्रॉलर, बहुतेक चिनी मालकीचे पण कागदावर घानाचे, तळाजवळची मासळी पकडायचं लायसन घेऊन होडीवाल्यांची छोटी मासळी पकडायचे, ती गोठवून तिच्या लाद्या करायचे आणि समुद्रातच ठरलेल्या होड्यांना विकायचे. एका अभ्यासात २०१७ या एका वर्षात असं साधारण १ लाख टन मासळं उतरलं असा अंदाज आहे. म्हणजे ज्याची मासळी पळवली त्यालाच ती गोठवून परत विकायची. आता सांगा यात होडीवाल्याने काय संपवलं.

निवृत्त_भूगोल_मास्तर

तळ्यांबद्दल मी लिहितो, वर्गात अनेक वर्षं शिकवलंय. त्या गृहस्थांच्या मनात बहुधा व्हिक्टोरिया सरोवर असणार. केनिया, युगांडा, टांझानिया यांच्यामध्ये, जवळजवळ ६९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यासारखी अठरा गोवे मावतील. त्यात शेकडो जातींचे छोटे मासे होते जे जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. १९५०-६० च्या दशकात, वसाहतीच्या शेवटच्या काळात, तिथे नाईल पर्च सोडला. तो म्हणजे आपल्या चोणकाचा सख्खा भाऊबंद, लेटस याच कुळातला, फक्त माणसाच्या उंचीएवढा वाढणारा. १९८० च्या दशकात तो इतका माजला की दोनशेच्या आसपास स्थानिक जाती दिसेनाशा झाल्या असं मानतात. काठावरच्या माणसाने हे केलेलं नाही, त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

मग काठावर फॅक्टऱ्या आल्या, फिले, म्हणजे काटा काढलेले मासळीचे तुकडे, युरोपला जाऊ लागली, पैसा आला हेही खरं. पण चांगला मासा फॅक्टरीत गेला आणि गावाला राहिलं काटं-डोकं आणि ओमेना, म्हणजे आपल्या सुक्या मोतयाळीएवढं मासळं. झाडं तोडली म्हणता ना, तेही ऐका. जुने छोटे मासे बायका उन्हात वाळवायच्या. नाईल पर्च तेलकट, तो उन्हात वाळत नाही, त्याला धूर द्यावा लागतो, धुराला लाकूड लागतं. म्हणून काठावरची झाडं गेली. कुऱ्हाड गावकऱ्याच्या हातात होती हे दिसतं, मासा कुणी बदलला हे दिसत नाही.

चाड सरोवराचं थोडक्यात सांगतो, १९६० च्या दशकात २५ हजार चौरस किलोमीटर, १९८० च्या दशकापर्यंत नव्वद टक्के आटलेलं. मुख्य कारण पाऊस गेला, जोडीला नद्यांचं पाणी सिंचनाला वळवलं. तिथल्या पागणाऱ्यांनी पाणी पिऊन टाकलं नाही.

बेतीम_जेटी

मास्तर, सगळं मान्य, पण एकाच बाजूने लिहू नका, ग्रामसभेत केरीचे भाई उघडे पडतील. घानातले होडीवालेसुद्धा लाईट लावून मासे ओढतात, काही डायनामाईट वापरतात, मलावीत मच्छरदाणीने पिल्लं गाळतात. मी स्वतः बोटीवर काम केलंय, आपल्याकडे केंद्राने २०१७ ला एलईडीवर बंदी आणली तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो आणि त्या सगळ्या बोटी काही परक्यांच्या नाहीत. शेजारच्याने लाईट लावला की याला पण लावावा लागतो, नाहीतर डिझेलचेसुद्धा पैसे सुटत नाहीत. चूक आहे हे प्रत्येकाला कळतं. थांबायचं पहिलं कुणी, हाच प्रश्न असतो.

सत्तरीची_सून

बेतीमचे दादा, थांबायचं कुणी हेच मला सांगायचंय, पण शेताच्या बाजूने.

नायजर देशात मराडी म्हणून भाग आहे, बाजरीची शेती, वाळवंटाला लागून. तिथे टोनी रिनाउडो नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस १९८० च्या दशकात झाडं लावायला गेला, रोपं लावली की मरायची. मग त्याच्या लक्षात आलं की शेतात जी खुरटी झुडपं दिसतात ती तोडलेल्या झाडांचीच खोडं आहेत, मुळं जिवंत आहेत, चार फुटवे ठेवून बाकी छाटले की झाड परत उभं राहतं. पण शेतकरी ठेवत का नव्हते? कारण फ्रेंचांच्या काळापासूनचा कायदा असा की झाड सरकारचं. आपल्या शेतात वाढलेलं झाड, पण फांदी तोडली तर फॉरेस्टवाला दंड करणार. मग कोण वाढू देईल, कोवळं असतानाच उपटलेलं बरं. तो जाच सैल झाला, झाड आपलं आहे अशी खात्री पटली, आणि त्याच गरीब शेतकऱ्यांनी सरकारचा पैसा न घेता साधारण ५० लाख हेक्टरवर २० कोटी झाडं परत आणली. पीक वाढलं, जळण बांधावर मिळायला लागलं, बायकांची मैलोन्‌मैल पायपीट कमी झाली. हे वाचलं तेव्हा मी खरंच रडले. आमच्या सासरच्या शेतात वरच्या खाणीचा लाल चिखल दर पावसाळ्यात उतरायचा, भात पिवळं पडायचं, आणि वर आम्हालाच ऐकवायचे की तुम्ही आता शेती करतच नाही.

नुकसानभरपाईचा विषय निघाला तर नायजेरियातल्या बोडो गावाचं सांगा. २००८ मध्ये शेल कंपनीच्या पाईपलाईनमधून दोनदा तेल फुटलं, खाडीतली खारफुटी मेली, कालवं-खेकडे गेले. लंडनच्या कोर्टात केस घातल्यावर २०१५ ला तडजोडीत ५.५ कोटी पौंड मिळाले, त्यातले काही गावाला आणि बाकीच्यातून १५,६०० लोकांना माणशी साधारण २,२०० पौंड आले. गरिबाला ती रक्कम मोठी वाटते, पण खाडी काही त्या पैशाने वर्षा-दोन वर्षांत परत येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालात त्या सगळ्या ओगोनी भागाच्या सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील असं लिहिलंय. आमच्याकडेही चेक आले होते आणि संपले. माती मात्र अजून घट्ट आहे, नांगर लागत नाही.

केरीचा_किनारा

ताई, मास्तर, सगळ्यांचे मनापासून आभार. बेतीमच्या भाईंचं पण, कारण तोच प्रश्न मला सभेत पहिला विचारतील, पहिलं थांबायचं कुणी. कुठे असं लोक आपणहून थांबलेत का?

सुकती_भरती

हो, मादागास्करला, अंदावादोआका गावात. तिथल्या वेझो लोकांच्या बायका सुकतीला खडकांवर जाऊन काठीने ऑक्टोपस काढतात, आपल्याकडे तिसऱ्या काढतात तसं. २००४ ला त्यांनी एका संस्थेच्या मदतीने खडकाचा एकच तुकडा सुमारे सात महिने बंद ठेवला, सगळा किनारा नाही, म्हणून बाकीच्या जागेवर पोट चालू राहिलं. उघडला तेव्हा आधीपेक्षा जड ऑक्टोपस निघाले. शेजारच्या गावांनी बघितलं आणि त्यांनीही केलं, २००६ पासून अनेक गावं मिळून आपलं पाणी स्वतः सांभाळतात. नियमाला दिना म्हणतात, तो गावच ठरवतो, मोडला तर दंड गावच लावतो. आपल्या गावकारीत, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक कारभारात, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं दार कधी उघडायचं, बांध कुणी दुरुस्त करायचा हे गावच ठरवायचा ना, तसंच.

फक्त एक लक्षात घ्या भाई, बाहेरची मोठी बोट आत शिरली तर गावचा दिना तिला पुरत नाही, तिथे सरकारच लागतं. त्यामुळे ठराव लिहिताना दोन वेगळे लिहा, एक गावाने स्वतः पाळायचा आणि एक खात्याकडे पाठवायचा.

केरीचा_किनारा

दोन ठराव, पटलं. वडिलांना वाचून दाखवलं आत्ता, ते म्हणाले खाडीच्या तोंडाजवळचा तिसऱ्यांचा पट्टा पहिल्यांदा मांड, तिथे आपल्याच बायका जातात, त्यांना विचारल्याशिवाय मात्र लिहू नको. उद्या सकाळी सुकतीला तिकडेच जातोय.