पृष्ठवंशीय प्राण्यांच्या डोक्यात नेमकं नवं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी दहावीला विज्ञान शिकवते. वर्गीकरणाच्या धड्यात ॲम्फिऑक्सस या माशासारख्या छोट्या सागरी प्राण्याची आकृती पाहून एका मुलीने विचारलं, "बाई, याचा समपृष्ठरज्जू पार पुढच्या टोकापर्यंत गेलाय, मग डोकं कुठून सुरू होतं?" (समपृष्ठरज्जू म्हणजे पाठीच्या बाजूने जाणारा, शरीराला आधार देणारा दांडा.) तिला नीट उत्तर द्यायचं आहे, म्हणून वाचायला घेतलं आणि अडकले.

१९८३ साली गान्स आणि नॉर्थकट या जीवशास्त्रज्ञांनी 'नवं डोकं' ही कल्पना मांडली. पाणी गाळून खाणारे पूर्वज शिकारीकडे वळले आणि जुन्या धडाच्या पुढे डोकं नव्याने तयार झालं, असं त्यांचं म्हणणं. त्याची सामग्री दोन ठिकाणची. एक, न्यूरल क्रेस्ट: भ्रूणाच्या चेतानलिकेच्या कडेने निघून दूरवर भटकणाऱ्या पेशी. या पेशींपासून चेहऱ्याची हाडं, जबडा आणि कवटीचा पुढचा भाग होतो. दुसरं, प्लॅकोड: त्वचेचे जाड झालेले ठिपके, ज्यांतून नाक, आतला कान आणि डोळ्याचं भिंग घडतं. (बाह्यस्तरापासूनही, म्हणजे न्यूरल क्रेस्ट जिथून येतं त्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरापासूनही, कूर्चा बनते हे भ्रूणशास्त्रज्ञ ज्युलिया प्लॅटने १८९३ मध्येच सांगितलं होतं. तेव्हा ते फारसं कुणी मानलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.)

इथवर पटलं. पण ॲम्फिऑक्ससच्या चेतानलिकेच्या पुढच्या टोकाला ओटीएक्स जनुक काम करतं, आणि आपल्या मेंदूचा पुढचा भाग घडवण्यातही तेच जनुक असतं. तिथे प्रकाश ओळखणारा साधा डोळाही आहे. मग 'नवं' कशाला म्हणायचं? शिवाय २००६ पासून हर्डमानिया या समुद्रतळाला चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या प्राण्याचा गट आपल्याला ॲम्फिऑक्ससपेक्षा जवळचा मानतात. त्या गटाच्या बहुतेक प्रौढांना तर समपृष्ठरज्जूही नसतो! हे मुलांना कसं समजवायचं? जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

बाई, प्रश्न फार चांगला आहे. जागा जुनी, पेशींचं कसब नवं, असं धरून चाला. पुढचं टोक कोणतं हे ठरवणारी जनुकं आधीपासून होती. सायोना या हर्डमानियाच्या नातलगाच्या अळीत चेतापट्टीच्या कडेला रंगद्रव्याच्या पेशी बनवणारा पेशींचा एक वंश आहे. २०१२ मध्ये त्यात ट्विस्ट हे जनुक मुद्दाम चालू केलं, तेव्हा त्या पेशी भटकू लागल्या. म्हणजे न्यूरल क्रेस्टचा पाया आधीच होता. भटकून कूर्चा आणि हाड बनवण्याची भर पृष्ठवंशीयांत पडली.

आणि एक मुलांना जरूर सांगा: ॲम्फिऑक्सस आपला पूर्वज नाही, आजचा चुलत भाऊ आहे. हर्डमानियाचा साधेपणाही मूळचा नाही. त्याच्या अळीला शेपटीत समपृष्ठरज्जू असतो, रूपांतरात तो जातो.

धागालेखिका

मनापासून आभार! 'जागा जुनी' हे त्या मुलीला लगेच कळेल. अजून एक विचारू? लॅम्प्रे या माशासारख्या पृष्ठवंशीय प्राण्याला जबडा नाही, पण न्यूरल क्रेस्ट आणि प्लॅकोड दोन्ही आहेत. म्हणजे डोकं आधी आणि जबडा नंतर, असं फळ्यावर लिहिलं तर चालेल ना?

प्रतिसाद २

निःशंक लिहा. फक्त एक गोष्ट वादातली म्हणूनच सांगा: ॲम्फिऑक्ससचे स्नायूंचे खंड अगदी पुढपर्यंत आहेत, आपल्या डोक्यातल्या मध्यस्तराला (भ्रूणाच्या मधल्या थराला) तसे खंड नाहीत. ते खंड नाहीसे झाले, की तो भाग वेगळाच उपजला, यावर अजून एकमत नाही.