दुर्गा खोटे यांच्यावर ४० मिनिटांचा कार्यक्रम : कोणते प्रसंग घ्यावेत?

प्रश्न :
आमच्या मंडळात दुर्गाबाईंवर चित्रफितींसह कार्यक्रम करायचा आहे. बहुतेकांना त्या 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई म्हणूनच माहीत आहेत. ४० मिनिटांत काय घ्यावं, काय गाळावं? जुन्या चित्रपटांचा आवाज सभागृहात फुटतो, त्यावर उपाय आहे का?

प्रतिसाद १ :
निम्मा वेळ १९३२ ते १९३६ला द्या. आईच्या भूमिका लोकांनी पाहिलेल्या असतात, सौदामिनी पाहिलेली नसते. प्रभातच्या 'अमरज्योति'मध्ये (१९३६) त्या सौदामिनी झाल्या आहेत, सूड घ्यायला निघालेली समुद्री चाच्यांची म्होरकी. तिथली त्यांची नजर आणि उभं राहण्याची ढब दाखवलीत की पुढचं फार बोलावं लागत नाही.

सुरुवात मात्र 'अयोध्येचा राजा'ने (१९३२) करा, तारामतीच्या गाण्याचा ४ मिनिटांचा तुकडा पुरे. तो लावण्याआधी एवढं सांगा की तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नटी कॅमेऱ्यासमोर स्वतः गायची आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करायचे. मान फार वळवली की आवाज माइकपासून दूर जायचा, म्हणून गाताना हालचाल बेताची. एक सूर चुकला तरी अख्खा शॉट पुन्हा. त्यात हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केलेला, म्हणजे मेहनत दुप्पट. हे माहीत नसलं की प्रेक्षकांना तो अभिनय नुसता ताठर वाटतो, आणि हा दुर्गाबाईंवर अन्याय आहे.

प्रतिसाद २ :
वरच्या सूचनेला जोड. फीत उतरवताना आवृत्ती तपासा. हिंदी आवृत्तीचं नाव 'अयोध्या का राजा'. नटसंच बराचसा तोच असल्याने नुसत्या चित्रावरून फरक कळत नाही, दोन संवाद ऐकूनच ठरवा. 'अमरज्योति'चा मराठी अवतार शोधत बसू नका, तो हिंदीच आहे.

आणि 'अयोध्येचा राजा' हा त्यांचा पहिला चित्रपट असं निवेदनात म्हणू नका. त्याआधी १९३१ मध्ये 'फरेबी जाल'मध्ये त्यांची छोटी भूमिका होती. ही चूक सर्रास होते.

प्रतिसाद ३ :
तांत्रिक बाजू. या चित्रपटांची चौकट साधारण ४:३ची असते. प्रोजेक्टर १६:९वर ताणून ठेवला तर चेहरे पसरट दिसतात आणि दुर्गाबाईंचा तो रेखीव चेहराच हरवतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या.

आवाज फुटतो तो बहुधा खरखर असलेल्या ध्वनिपट्टीवर ट्रेबल वाढवल्यामुळे. ट्रेबल कमी करा, अगदी खालचा बासही थोडा काढा म्हणजे घुमणं जाईल. मधला भाग तसाच ठेवा, संवाद तिथेच असतात. सगळे तुकडे आधी एका पातळीवर आणून एकाच फाइलमध्ये जोडा. १९३२च्या फितीनंतर १९६०ची लागली की आवाज एकदम अंगावर येतो.

प्रतिसाद १ (पुन्हा) :
'मुघल-ए-आझम'चा तुकडा २००४च्या रंगवलेल्या प्रतीतून घेऊ नका. मूळ चित्रपट बराचसा कृष्णधवल आहे आणि नवरा व मुलगा यांच्यामध्ये सापडलेल्या जोधाबाईचा चेहरा त्यातच नीट वाचता येतो. ६ मिनिटं ठेवा.

पद्मश्री (१९६८), 'बिदाई'साठीचं फिल्मफेअर, १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सगळं एका स्लाइडवर मावतं. वाचलेल्या वेळात 'मी, दुर्गा खोटे' या त्यांच्या आत्मचरित्रातलं पानभर वाचा. चांगल्या आवाजाची व्यक्ती निवडा, आणि त्या वेळी मागे संगीत नको.