विमान सात तास उशिरा सुटले, तर भरपाई मागावी का?

धागाकर्ती, म्हापसा
गेल्या महिन्यात मोपाहून रात्री सव्वानऊला निघणारे आमचे मुंबईचे विमान तांत्रिक दोषामुळे पहाटे साडेचारला सुटले. सोबत पंच्याहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या आणि त्यांनी सारी रात्र खुर्चीत बसून काढली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतल्या उड्डाणाला ६ तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर कंपनीने प्रवाशांची हॉटेलात सोय करायची असते. आम्हाला मात्र दर वेळी ‘आणखी पाऊण तास’ एवढेच सांगितले जात होते, त्यामुळे सहा तासांचा उशीर कागदावर कधी आलाच नाही. मी भरपाई मागणार आहे. आपली मते कळवावीत.

प्रतिसाद, फोंडा
आपल्याला झालेला त्रास खरा आहे, तरीही मी असहमत आहे. उड्डाण आयत्या वेळी रद्द झाले, तर आपल्याकडे ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. नुसत्या उशिरासाठी ठरावीक रक्कम नाही, आणि ती नसावी असेच मला वाटते. विमानांच्या देखभालीत मी बावीस वर्षे काढली. दोष सापडल्यावर विमान रोखून धरणाऱ्या अभियंत्याला प्रत्येक तासाची किंमत दिसू लागली, तर सही करताना त्याच्या मनावर जो ताण येईल, तो कोणत्याही प्रवाशाच्या हिताचा नाही.

प्रतिसाद, मडगाव
तसे असेल, तर हा ताण ब्रिटनमध्येही असायला हवा. माझा भाऊ स्विंडनला राहतो. लंडनहून मोपाला येणारे विमान कंपनीच्या दोषामुळे चार तासांहून अधिक उशिरा पोहोचले, तर तिथल्या कायद्यानुसार प्रवाशाला ५२० पौंड मागता येतात. तेच विमान भारतीय कंपनीचे असेल आणि मोपाहून लंडनला जाताना तितकेच रखडले, तर तो कायदा लागू होत नाही. नेहमीचा तांत्रिक बिघाड ही अपवादात्मक परिस्थिती नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच ठरवले आहे. म्हणून तिथली विमाने कमी सुरक्षित झाली, असे कोणी म्हणत नाही.

धागाकर्ती
फोंड्याच्या सदस्यांचा मुद्दा मला पटतो, परंतु माझी तक्रार विमान रोखल्याची नाहीच. दोष दुरुस्त व्हायला रात्र जाणार हे कंपनीला ठाऊक असूनही आम्हाला सांगितले नसेल, तर ती सेवेतील त्रुटी ठरते. वेळेत कळले असते, तर आम्ही तिकिटाचे पैसे परत घेऊन घरी गेलो असतो. मोपा ते म्हापसा असे कितीसे अंतर आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि तिकिटाची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. त्या रात्री आलेले सगळे संदेश वेळेसकट जपून ठेवले आहेत.

प्रतिसाद, फोंडा
माहिती दडवण्याबाबत माझे दुमत नाही. तेवढ्यापुरती तक्रार अवश्य करावी. उशिराच्या तासांवर दर लावण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.